मुरगळला पाय, थांबला खेळ?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारची नववीतली मुलगी तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेतून लंगडतच घरी आली. चढाई करताना पाय मुरगळला होता. संघासोबत बॅनर होता, पाण्याचा जार होता, पण साधं क्रेप बँडेज नव्हतं. घरी आजीने गरम पाण्याने शेकलं, काकूने बाम लावून खसाखसा चोळलं. सकाळी घोटा टम्म सुजलेला! आई म्हणाली, "पुरे झाला तो खेळ. पाय अधू राहिला तर उद्या लग्नाला कोण विचारेल?"

मैत्रिणींनो, ही काळजी मला कळते, मीही मुलीची आई आहे. पण मुलाचा पाय दुखावला की आपण विचारतो, "पुढची मॅच कधी?" आणि मुलीचा दुखावला की खेळच बंद. असं का बरं?

मी दोघींना डॉक्टरांकडे घेऊन गेले. हाड शाबूत होतं. डॉक्टर म्हणाले, ताज्या मुरगळीला पहिले दोन-तीन दिवस शेक नको नि मालिश तर नकोच, सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून 15-20 मिनिटं धरायचा, दिवसातून तीन-चार वेळा. पाय उशीवर उंच ठेवायचा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर मात्र एक्स-रे काढायलाच हवा.

मग आम्ही गेलो खेळाच्या सामानाच्या दुकानात. तिथे बॅट-बॉलच्या मागे एक कपाट असतं, आपण कधी त्याकडे बघत नाही. त्यात क्रेप बँडेज, नी-कॅप, अँकलेट, पांढरी चिकटपट्टी, थंडावा देणारा स्प्रे असं सगळं मिळतं. पण घेताना डोळसपणे घ्यावं. नी-कॅप अंदाजाने घेऊ नका. शिवणकामाची टेप न्या, पाकिटावर सांगितलेल्या जागी पायाचा घेर मोजा. सैल असेल तर उपयोग नाही, घट्ट असेल तर रक्त अडतं. नुसत्या ताणल्या जाणाऱ्या अँकलेटपेक्षा नाडीने बांधायचा आधार पुन्हा मुरगळण्यापासून जास्त वाचवतो. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वर न्यायचं. बोटं बधिर किंवा निळसर झाली, तर लगेच सैल करायचं. झोपताना काढून ठेवायचं. स्प्रे उघड्या जखमेवर मारायचा नाही. खरचटलं असेल तर आधी वाहत्या पाण्याने माती धुवायची.

खेळाडूंच्या अंगावर रंगीत पट्ट्या दिसतात ना? ती पट्टी केन्झो कासे या जपानी माणसाने 1970 च्या दशकात काढली. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर ती जगभर गाजली. पण ती म्हणजे जादू नव्हे. तिच्या फायद्याचे पुरावे तसे तोकडेच आहेत, त्यामुळे आपल्या पिशवीत नसली तरी चालेल.

एक गोष्ट मात्र मुली लाजून मागत नाहीत, ती म्हणजे स्पोर्ट्स ब्रा. धावताना अवघडलेपण येतं म्हणून कितीतरी मुली वयात आल्यावर मैदान सोडतात. त्यांनी मागायची वाट बघू नका, आपणच घेऊन द्या.

आणि हो, आधार म्हणजे इलाज नव्हे. दुखणं उतरल्यावर पाय हळूहळू हलवणं, एका पायावर तोल सांभाळणं, हे व्यायाम केले तरच घोटा पुन्हा बळकट होतो. महिनाभर खाटेवर बसवून ठेवलं तर तो अजून कमजोर होतो.

आमच्या महिला मंडळाने यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटले नाहीत. त्या पैशांतून शाळेच्या मुलींच्या संघाला प्रथमोपचाराची पेटी दिली. क्रेप बँडेज, कापूस, जंतुनाशक, चिकटपट्टी, कात्री, आणि हो, सॅनिटरी पॅडही.

शेजारची पोर सहा आठवड्यांनी पुन्हा मैदानात उतरली. परवा तिची आई तिच्या पायाला आधाराची नाडी बांधून देत होती. मला बघून हसली नि म्हणाली, "वहिनी, चला ना, आज मॅच आहे तिची!"