पहिल्या गुरूला एक ओळ

मराठीतली गवयांची चरित्रे आणि आठवणी वाचताना एक गोष्ट हटकून दिसते. ज्याच्यामुळे घराण्याचा शिक्का बसला, त्या गुरूला प्रकरणेच्या प्रकरणे मिळतात. ज्याने पहिल्यांदा सा लावून घेतला, त्याची बोळवण एका ओळीत होते. गावातल्या मास्तरांकडे थोडे शिकणे झाले, एवढे सांगून लेखक पुढच्या गाडीला बसतो. भीमसेन जोशींच्या बाबतीत ही ओळ जरा लांब आहे, इतकेच. कुर्तकोटीचे चन्नप्पा, मग बागलकोटचे श्यामाचार्य जोशी, ही नावे पुस्तकांत सापडतात, पण पान उलटले की तीही मागे पडतात. मला या ओळीबद्दल लिहायचे आहे, कारण महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागातले शतकभराचे गाणे याच ओळीतल्या माणसांनी उभे केले आहे.

सुरुवात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपासून (१८४९–१९२६) करायला हवी. ग्वाल्हेरची ख्यालगायकी त्यांनी महाराष्ट्रात आणली, हे वाक्य परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. आणली म्हणजे काय केले, ते सहसा कुणी सांगत नाही. ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशींच्या घरी ते पडेल ते काम करून शिकले. परतल्यावर मुंबईत राहून पाहिले, पण दम्याला तिथली हवा मानवेना. म्हणून मिरज, आणि पुढे इचलकरंजीच्या संस्थानिकांचा आश्रय. मुंबईचे नुकसान झाले असेल, पण कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या मुलांना त्या दम्याचे उपकारच मानावे लागतील. कारण बुवा मैफलींपेक्षा जास्त ओळखले गेले ते शिष्यांमुळे, आणि हे शिष्य आसपासच्या लहान गावांतूनच आले.

कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या एका मुलाचे डोळे फटाक्याने अधू झाले होते. पुस्तकी शिक्षण जमणार नाही, गाणे तरी शिकू दे, म्हणून त्याला मिरजेत बुवांच्या हवाली केले. हे विष्णु दिगंबर पलुस्कर. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ही शाखा इतिहासाला ठाऊक आहे. दुसऱ्या शाखांकडे तितकेसे लक्ष जात नाही. मिरजेचे नीळकंठबुवा हे बुवांचे शिष्य. त्यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले आणि पंचाक्षरी गवईही शिकले. पंचाक्षरी गवई स्वतः अंध. गदगच्या आश्रमात त्यांनी अंध आणि निराधार मुलांना जेवू घालून गाणे शिकवले. त्यांचे शिष्य पुट्टराज गवई, तेही अंध, त्यांनी हे काम २०१० पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत चालवले. तिसरी शाखा औंधची. अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतुबुवा तिथल्या संस्थानात राहिले, घरातच मुलाला, म्हणजे गजाननबुवांना (१९११–१९८७) तयार केले, आणि १९४० पासून औंधला संगीत महोत्सव होऊ लागला. खेड्यातला तो उत्सव आजही भरतो. मोठ्या शहरांतल्या खुर्च्यांच्या महोत्सवांपेक्षा मला तिथली सतरंजी अधिक प्रामाणिक वाटते. हा माझा पूर्वग्रह समजा.

कुंदगोळचे उदाहरण तर याहून बोलके. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व (१८८६–१९५२). अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, रंगभूमीवर स्त्रीभूमिकांत गाजलेले नट. पण शिकवायला बसले ते धारवाड भागातल्या स्वतःच्या गावी. घरातून पळालेला भीमसेन गुरूच्या शोधात जालंधरपर्यंत भटकला. तिथे विनायकराव पटवर्धनांनी त्याला सांगितले, की इतक्या लांब कशाला आलास, तुझ्या मुलखातच सवाई गंधर्व आहेत. तो परत आला आणि कुंदगोळच्या घरी पाणी भरत, घरकाम करत शिकला. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जात, तालीम घेऊन परतत. जगभर गाजलेली किराणा गायकी ज्या घरात घडली, त्या घराचा पत्ता एका छोट्या स्टेशनाचा होता.

गंगूबाईंचा विषय निघालाच आहे, तर आईबद्दल लिहायला हवे. अंबाबाई कर्नाटक संगीत गात. मुलीला हिंदुस्थानी गाणे शिकायचे, तिच्या कानावर दुसरे वळण पडू नये, म्हणून त्यांनी आपले गाणे बंद केले. गोव्यात मंदिरांच्या सावलीत वाढलेल्या कलावंत घराण्यांतही मुलीच्या गाण्याचा पाया आधी घरातच पडे. केसरबाई केरकर फोंड्याजवळच्या केरीच्या. पुढे अल्लादिया खाँसाहेबांची कठोर तालीम मिळाली हे सर्वश्रुत आहे, पण त्याआधी रामकृष्णबुवा वझे लामगावला येत, तेव्हा त्या तिथे शिकत. अशा आयांना आणि मावश्यांना कुणी गुरू म्हटले नाही, की मास्तरही म्हटले नाही. त्यांच्या वाट्याला ती एक ओळसुद्धा क्वचितच आली.

आता घराण्यांच्या खाली उतरू, कारण बहुतेक गावांत घराणे नव्हतेच. तिथे होते पेटीमास्तर. बोलपट आले, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, आणि नाटक कंपन्यांना उतरती कळा लागली. कंपनीतले साथीदार, दुय्यम नट, पडद्यामागे सूर धरणारे गावोगाव परतले. कुणी शाळेत लागले, कुणी देवळाच्या ओसरीवर शिकवणी घेऊ लागले. गुरुवारी दत्ताच्या देवळात भजन, गणपतीत मेळा, शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वागतगीत, लग्नात मंगलाष्टके, असे त्यांचे पंचांग. फी सुगीत मिळे, कधी ज्वारीच्या मापात.

यांच्या कसबाबद्दल फार कमी लिहिले गेले आहे. पेटीचा भाता एका हाताने, सूर दुसऱ्या हाताने, आणि डोळे समोरच्या दहा मुलांच्या तोंडांकडे. लहान मुलांना काळी चार किंवा पाचमध्ये गायला लावायचे. मुलाचा आवाज फुटायला लागला, की त्याला हिणवायचे नाही, झांज किंवा तबल्याकडे वळवायचे आणि आवाज बसल्यावर खालच्या पट्टीत परत आणायचे. हा शहाणपणा कुठल्या पुस्तकात नव्हता. भूप आधी, यमन नंतर, तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर, आणि भजनी ठेक्यात सगळे गाव सामावून घ्यायचे. गंमत अशी, की १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती पुढची तीन दशके टिकली. गमक-मींड पेटीतून निघत नाही, हा आक्षेप शास्त्राला धरून होता. पण त्या तीस वर्षांत पेटी हीच खेड्याची संगीतशाळा होती आणि दिल्लीचा हुकूम ओसरीपर्यंत पोचला नाही.

या मास्तरांना नंतर कागदाचा आधार मिळाला. पलुस्करांच्या निधनानंतर, १९३१ मध्येच, त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक ते अलंकार अशा परीक्षांची केंद्रे तालुक्यांपर्यंत गेली. त्यामुळे मास्तरांना प्रतिष्ठा आली, मुलींना घराबाहेर गाणे शिकायला सोयीचे कारण मिळाले. किंमतही मोजावी लागली. अभ्यासक्रमातले राग तेवढेच शिकवायचे, उरलेली वही मिटलेलीच. मंडळाला दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षेपुरते शिकण्याची हौस आपली, पालकांची.

सगळे गोडच होते असे नाही. छडी होती. भजनात सगळे बसत, पण खरी तालीम देताना जात पाहणारेही होते. आणि आज? शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीत सहावी ते आठवीच्या शंभरावर पटाच्या शाळेत कलाशिक्षणासाठी निदेशक सांगितला आहे, तोही अंशकालीन. कला म्हणजे चित्र की गाणे, हे नेमणाऱ्यावर. निवृत्त झालेल्या संगीत शिक्षकाच्या जागी पुन्हा संगीत शिक्षकच येईल, याची हमी त्यामुळे कुठेही नाही.

सरकारचे सरकार पाहील. वाचकांना मात्र एक विनंती आहे. तुमच्या गावच्या मास्तरांची चिजांची वही कुणाच्या तरी माळ्यावर असेल. तिची छायाप्रत काढून एक गावच्या वाचनालयात ठेवा आणि पहिल्या पानावर त्यांचे पूर्ण नाव, गाव, आणि ते स्वतः कुणाकडे शिकले, एवढे तरी लिहून ठेवा. त्यांचे विद्यार्थी अजून हयात आहेत तोवरच हे होऊ शकेल.