भोर-वेल्ह्याच्या घाटात 'ट्रॅक सेटअप'ची गाडी का चालत नाही? जुन्या स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनचं गणित काय असतं?

रविवारी पहाटे कात्रजचा बोगदा ओलांडला की सातारा रस्त्यावर गाड्यांचे दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे बालाजीला, नाहीतर राजगड-तोरण्याला निघालेल्या गाड्या. दुसरा प्रकार आवाजावरूनच कळतो. जमिनीला टेकलेल्या, रुंद टायरच्या या गाड्या चेलाडी फाट्याला उजवीकडे वळून वेल्ह्याकडे जातात, नाहीतर पुढं कापूरहोळवरून भोरला. तिथून मग पाबे घाट, केळदचा मढे घाट किंवा वरंध. रील इथंच शूट होतात.

या गाड्यांमध्ये अलीकडं जुन्या स्पोर्ट्स कार वाढल्यात. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची पोर्शे बॉक्सस्टर, मर्सिडीजची एसएलके, बीएमडब्ल्यूची झेड फोर. क्वचित कुणाकडं गोव्यात वेर्ण्याला बनलेली दोन सीटांची सॅन स्टॉर्मही असते. सेकंडहँडमध्ये या गाड्या नव्या एसयूव्हीच्या भावात किंवा त्याहून कमीत मिळतात. गाडी घरी आली की पुढचा विषय ठरलेला असतो, "सस्पेन्शन ट्रॅकसारखं करून घेऊ."

गाडी ट्रॅकवर न्यायची असेल तर तसं करण्यात वावगं काही नाही. पण तीच गाडी त्याच सेटिंगवर वरंध घाटात घातली तर ती साध्या हॅचबॅकपेक्षा कमी पकड देते. हे अनेकांना पटत नाही. गाडी कडक आणि खाली बसलेली असली की ती रस्त्याला जास्त चिकटते असाच बहुतेकांचा समज असतो.

कडक स्प्रिंगनं वजन सरकायचं थांबतं का?

नाही. सगळा गैरसमज इथूनच सुरू होतो.

समजा गाडी १००० किलोची आहे. सोप्या हिशोबासाठी डाव्या दोन चाकांवर ५०० आणि उजव्या दोन चाकांवर ५०० किलो धरू. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.४ मीटर. वळणावर गाडी १ जी एवढ्या जोरानं बाहेर ढकलली जात असेल, तर आतल्या चाकांवरचं सुमारे ३५७ किलो वजन बाहेरच्या चाकांवर जातं. म्हणजे बाहेर ८५७ आणि आत फक्त १४३ किलो उरतात.

या हिशोबात स्प्रिंग कुठंच नाही. वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर, एवढ्यावरच तो आकडा ठरतो. स्प्रिंग दुप्पट कडक केली तरी वजन तेवढंच सरकणार, फक्त गाडी कमी झुकेल. गाडी २५ मिलिमीटर खाली घेतली तर तो आकडा ३५७ वरून ३३९ वर येतो. फरक १८ किलोंचा, म्हणजे एका भरलेल्या सिलिंडरपेक्षाही कमी.

मग ट्रॅकवाले स्प्रिंग कडक करतात ते कशासाठी? पहिलं कारण टायरचा कोन. गाडी झुकली की चाकही तिच्यासोबत कलतं आणि टायर कडेवर उभा राहतो. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाड्यांमध्ये हा त्रास जास्त, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्या त्याच आहेत. जुन्या बॉक्सस्टरला तर पुढं-मागं दोन्हीकडं स्ट्रट आहेत. गाडी तीन अंश झुकली तर बाहेरचं चाकही जवळपास तेवढंच बाहेर कलतं. डबल विशबोनमध्ये चाक वर जाताना आपोआप थोडं आत कलतं, त्यामुळं हा त्रास बराच कमी होतो. १९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ ला चारही चाकांना डबल विशबोन आहे. भारतात ती कधी अधिकृतपणे विकली गेली नाही, पण जगभरात ट्रॅकवर रमणाऱ्यांची ती लाडकी झाली, त्यामागं हेही एक कारण आहे.

दुसरं कारण म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधला तोल. टायरवरचं वजन दुप्पट झालं म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. त्यामुळं ज्या टोकाला जास्त वजन एका टायरवरून दुसऱ्यावर जाईल, ते टोक आधी सरकतं. पुढची बाजू जास्त कडक असेल तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाते, यालाच अंडरस्टिअर म्हणतात. मागची बाजू जास्त कडक असेल तर शेपूट बाहेर येते, म्हणजे ओव्हरस्टिअर. अँटी-रोल बार बदलून हाच तोल हलवला जातो. हा बार दिसायला साधा लोखंडी दांडा, पण भरीव बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा बसवला की तो सुमारे ४६ टक्के जास्त कडक होतो. "दोनच मिलिमीटरचा तर फरक आहे" म्हणून मागं जाड बार घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं, कारण पावसात पहिली घसरते ती शेपूटच.

मग घाटात नेमकं बिघडतं काय?

ट्रॅकचा डांबर गुळगुळीत असतो. वेल्ह्याच्या रस्त्याचं तसं नाही. मावळपट्ट्यात पाऊस धो धो पडतो, डोंगरातलं पाणी रस्त्यावरून वाहतं, कडा तुटतात आणि दिवाळीनंतर डांबराचे ठिगळ लागतात. भोरहून नीरा-देवघर धरणाच्या कडेनं वरंधकडं जाताना एकाच वळणात खड्डा, ठिगळ आणि खडी असं तिन्ही भेटू शकतं.

अशा ठिकाणी चाकाला पटकन खाली-वर होता आलं पाहिजे. इंजिनिअर हे मोजतात ते गाडी स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा डोलते यावरून. साध्या गाडीत हा आकडा एक ते दीडच्या आसपास असतो. एका चाकावर गाडीचं २२० किलो वजन आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन असेल, तर तो सेकंदाला साधारण १.५ येतो. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर २.१ होतो. ट्रॅकच्या गाड्यांमध्ये दोन-अडीच किंवा त्याहून जास्त चालतो, कारण तिथं चाकाला फार हलावंच लागत नाही. घाटात मात्र अशी गाडी ठिगळावरून जाताना चाक रस्त्याच्या मागे जात नाही, उडतं. आणि हवेतल्या टायरची पकड शून्य असते, मग तो कितीही महागडा असो.

त्यात गाडी खाली बसवलेली असेल तर शॉकअपला हलायला जागाच उरत नाही. खड्ड्यात तो थेट बंप स्टॉपवर आदळतो. त्या क्षणी स्प्रिंग असून नसल्यासारखी, कडकपणा एकदम कितीतरी पट वाढतो आणि ते चाक घसरतं. हे वळणाच्या मध्यावर झालं तर सावरायला वेळ मिळत नाही. समोरून येणारी एसटी असते, डोक्यावर भारा घेतलेली मावशी असते, नाहीतर शाळेत निघालेली पोरं. ट्रॅकवर चूक झाली की गाडी खडीत जाऊन थांबते. इथं एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी.

स्प्रिंग कापून गाडी खाली घेण्याचा जुगाड तर याहून वाईट. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग कडक होते, पण शॉकअप जुनाच राहतो. एवढ्या कडक स्प्रिंगची उसळी आवरायची ताकद त्याच्यात नसते. वर कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून सुटूही शकते.

ट्रॅकवरच न्यायची असेल तर सुरुवात कुठून?

स्प्रिंगपासून नाही, रबरापासून. वीस वर्षांच्या गाडीत सगळ्यात जास्त म्हातारं झालेलं असतं ते रबर. कंट्रोल आर्मचे बुश, स्ट्रटचं वरचं माउंटिंग, लिंक रॉड, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं. बुश ढिला असेल तर मशिनवर केलेलं अलाइनमेंट ब्रेक मारल्याबरोबर बदलतं. अशा गाडीला महागडे कॉइलओव्हर बसवणं म्हणजे भिंतीला ओल असताना वरून रंग देणं.

इथं एक बारीक गोष्ट अनेक गॅरेजमध्ये राहून जाते. रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर असताना पूर्ण कसायचे नसतात. चाकं लोंबकळत असताना कसले तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा पीळ द्यायचा.

मग टायर. बाजूला कोरलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे पाहा. २३१८ असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. कमी चाललेल्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये नक्षी छान दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. असे टायर ट्रॅकवर नेऊच नयेत.

यानंतर शॉकअप आणि स्प्रिंग, तेही जोडीनं. शॉकअपचं काम दोन्ही दिशांना चालतं, चाक वर जाताना म्हणजे बंप आणि खाली येताना म्हणजे रिबाउंड. रिबाउंड फार कडक केला तर एकामागून एक उंचवटे आल्यावर चाकाला खाली यायला वेळच मिळत नाही आणि गाडी हळूहळू आखडून बसते. ॲडजस्टेबल शॉकअप घेऊन सगळ्या 'क्लिक' कडक टोकाला फिरवणारे पुष्कळ असतात. त्यांची गाडी वेगवान वाटते, पण स्टॉपवॉचवर हळू निघते.

उंची ठरली की चारही चाकांचं वजन मोजायचं. चार काटे, सपाट जमीन, ठरलेलं पेट्रोल आणि सीटवर चालक किंवा तेवढ्याच वजनाची पोती. ४० लिटर पेट्रोलचंच वजन ३० किलोच्या आसपास भरतं, त्यामुळं टाकी किती भरली हेही लिहून ठेवावं लागतं. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून एकूण वजनाच्या निम्मं भरलं पाहिजे. तसं नसेल तर गाडी एका बाजूला छान वळते आणि दुसऱ्या बाजूला हट्ट करते. चार पायांच्या खाटेचा एक पाय आखूड असावा तसंच हे.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. रस्त्यावरच्या गाडीत कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कलण्याचा कोन, शून्य ते उणे एकच्या आसपास असतो. ट्रॅकला पुढं उणे दोन ते तीनपर्यंत नेतात, म्हणजे वळणात गाडी झुकली की बाहेरचा टायर सपाट टेकतो. याची किंमत सरळ रस्त्यावर मोजावी लागते. टायर आतल्या कडेनं झिजतो आणि सरळ ब्रेक मारताना जमिनीला कमी टेकतो. पुढच्या चाकांना किंचित टो-आउट दिला की गाडी वळायला चटकन तयार होते, पण तुटक्या कडेच्या रस्त्यावर तीच गाडी डावी-उजवीकडे ओढ घेते. मागच्या चाकांना मात्र थोडा टो-इन ठेवतात, नाहीतर शेपूट अस्थिर होते.

कॅम्बर बरोबर आहे का हे टायरच सांगतो. चार-पाच लॅप मारून पिटमध्ये आल्याबरोबर आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाचं तापमान घ्यायचं. बाहेरची कड फार तापली असेल तर कॅम्बर कमी पडतोय. मधला भाग जास्त तापला असेल तर हवा जास्त आहे. हवा गरम टायरमध्येच मोजायची, कारण सकाळी भरलेले ३० पीएसआय काही लॅपनंतर ३० राहत नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. कंटाळवाणं काम आहे, रीलमध्ये दिसत नाही, पण सेटअप म्हणतात तो यालाच.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. नियम मोडल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. झिजलेला शॉकअप काढून त्याच दर्जाचा नवा बसवणं हा यातला बदल नव्हे, ती दुरुस्ती झाली. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावली तर कलम १८९ लागतं. पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास वर्षभरापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

विम्याचंही पाहून ठेवा. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. घाटात शर्यत लावताना गाडी ठोकली तर क्लेम अडकू शकतो, आणि ट्रॅकवर तर विमा नाही असंच धरून चालायचं.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१ किलोमीटरचा. पुण्याहून तिन्ही लांबच. चेन्नईच जवळपास १२०० किलोमीटर पडतं. त्यामुळं जाणकार मंडळी गाडी ट्रेलरवर चढवून नेतात, किंवा रस्त्याच्या सेटिंगवर चालवत नेऊन ट्रॅकवर कॅम्बर आणि टो बदलतात. त्यासाठी बोल्टवर रंगाच्या दोन खुणा आधीच करून ठेवलेल्या असतात, एक ट्रॅकची आणि एक रस्त्याची. परतीच्या वाटेला लागण्याआधी बोल्ट रस्त्याच्या खुणेवर आणून पुन्हा कसायचे आणि चाकांचे नटही तपासायचे, कारण दिवसभराच्या तापण्या-निवण्यात ते सैल होऊ शकतात.