ड्रॉइंगच्या सरांकडे लॅबची किल्ली

शाळेत पाहुणे आले की त्यांना आधी टिंकरिंग लॅब दाखवायची, हा अमरावती-अकोल्याकडच्या बऱ्याच शाळांचा आता रिवाजच झाला आहे. भिंतीवर कलामांचा फोटो, टेबलावर अर्डुइनोची किटं, कोपऱ्यात थ्री-डी प्रिंटर. प्रिंटर चालू असलाच तर त्यातून बहुधा की-चेन बाहेर पडत असते. डिझाइन इंटरनेटवरून उतरवलेलं, मुलाने त्यात फक्त स्वतःचं नाव टाकलेलं. आणि त्याच शाळेत, दोन खोल्या सोडून, इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेला बसणारी पोरं घनभूमितीची आकृती काढत असतात. टेकवलेला शंकू, त्याचा प्लॅन, त्याचं एलिव्हेशन.

दोन्ही खोल्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो. लॅब विज्ञानवाल्यांची, ड्रॉइंग हॉल कलावाल्यांचा. खरं तर प्रिंटरला जे ज्ञान हवं आहे ते त्या शंकूच्या आकृतीत आहे. एखादी वस्तू वरून कशी दिसेल, समोरून कशी दिसेल, कापली तर आत काय दिसेल, हे डोक्यात फिरवता आलं की टिंकरकॅडसारखं फुकटचं सॉफ्टवेअर मुलाला आठवडाभरात जमतं. ते न फिरवता आलेला मुलगा वर्षभर माउस हलवत बसतो. कला संचालनालयाच्या रेखाकला परीक्षांत महाराष्ट्राच्या मुलांच्या कित्येक पिढ्या ही भूमिती घोटत आल्या. तिचा उपयोग करायची वेळ आली, तेव्हा मात्र ड्रॉइंगच्या सरांना कोणी बोलावलं नाही.

पैशाचं म्हणाल तर तो आला आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून या प्रयोगशाळा द्यायला सुरुवात केली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान: निम्मं उभारणीला, निम्मं पुढची पाच वर्षं चालवायला. देशात १० हजार शाळांपर्यंत ही योजना गेली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली. यंत्रं येतीलच. प्रश्न आहे तो त्यांच्यापुढे काय घेऊन जायचं याचा.

पोळ्याचंच घ्या. श्रावणी अमावास्येला आपल्याकडे घरोघरी मातीचे बैल पूजले जातात, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलाला काळी माती मळून बैल करायला सांगा. धड जमतं, पाय जमतात, वशिंडही जमतं. शिंगं मात्र पडतात. ओली माती हवेत तरंगत नाही. मग कोणीतरी शहाणं पोर आत झाडूची काडी घालतं, दुसरं शिंगं जाड करतं, तिसरं ती मागे वळवून मानेला टेकवतं. आता हाच बैल थ्री-डी प्रिंटरवर काढायला घ्या. हे यंत्र वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक धागा थरावर थर चढवतं, एकेक थर साधारण ०.२ मिलिमीटरचा. खाली आधार नसेल तर धागा लोंबतो. उभ्या रेषेपासून साधारण ४५ अंशांहून जास्त बाहेर झुकलेला भाग आला की गडबड सुरू. म्हणजे शिंगं इथेही पडतात! उपायही तसेच: आधार द्या, आकार बदला किंवा भाग वेगळा करून जोडा. ज्या मुलाची बोटं मातीत हरली आहेत त्याला प्रिंटर का हरला ते समजावून सांगावं लागत नाही. ज्याने थेट डाउनलोड केलं, त्याला मशीन बिघडलं असंच वाटतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी हात, मग कागदावर माप, मग पडदा, मग यंत्र, आणि पुन्हा हात, कारण छापलेला बैल घासायचा, रंगवायचा, चाकांवर बसवायचा राहतोच.

हे काही मी नवं सांगत नाही. वर्धा नदी ओलांडली की वर्धा. तिथे ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार, म्हणजे नई तालीम, आकाराला आला. पुढे तिची ओळख टकळीपुरती उरली, हे तिचं दुर्दैव. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ साली सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. चित्र, मातीकाम आणि रोजचं जगणं यांत त्यांनी भिंत ठेवली नाही. मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेतही ‘जीवन शिक्षण’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. इतकं सगळं शेजारी असताना आपण ‘मेकर’ संस्कृती अमेरिकेतून आली असं समजतो, याची गंमत वाटते. बरं, अमेरिकेचाही हिशोब पाहा: एमआयटीचे नील गर्शनफेल्ड यांच्या फॅबलॅब या निर्मिती-कार्यशाळेची एमआयटीबाहेरची पहिली शाखा २००२ मध्ये निघाली ती पुणे जिल्ह्यातल्या पाबळला. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तिथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात शाळा सोडलेली पोरं वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी करत शिकत होती. यंत्रं त्या हातांच्या शोधात आली.

लॅब नसलेल्या शाळेने काय करावं? तिला तर जास्त सोपं आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडात भुलाबाई बसते. भुलाबाई, भुलोजी, गणपती आणि वर ज्वारीच्या धांड्यांची माडी. (सोयाबीन आलं, ज्वारी गेली, त्यामुळे धांडाही आता शोधावा लागतो. एकेकाळी त्याच धांड्याच्या भेंडातून गावची लेकरं बैलगाड्या करायची, खिळा नाही की डिंक नाही.) या माडीला दिवे लावायचे, तेही घरच्या घरी. तीन व्होल्टचा बटण-सेल, दोन-चार एलईडी आणि पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल. फॉइलच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवायच्या, एक पट्टी सेलच्या अधिक बाजूला, एक उणे बाजूला. एलईडीचा लांब पाय अधिकच्या पट्टीवर, आखूड उणेच्या. सेलोटेप. लागला दिवा.

मग हमखास कोणीतरी विचारतं, ‘सर, लाल पेटला, पांढरा काहून नाही पेटत?’ इथे खरा तास सुरू होतो. लाल एलईडी साधारण दोन व्होल्टवर पेटतो, पांढरा आणि निळा तीनच्या आसपास. दोघांना शेजारी शेजारी एकाच सेलवर जोडलं की लाल दिवा व्होल्टेज दोनवरच अडवून धरतो आणि पांढरा उपाशी राहतो. उपाय दोन: रंगागणिक वेगळा सेल किंवा सगळे दिवे एकाच रंगाचे घेऊन वर रंगीत जिलेटीन लावायचं. पहिला निर्णय विजेचा, दुसरा चित्रकाराचा. पताकेच्या कागदातून पांढरा उजेड कसा दिसतो, सावली भिंतीवर किती मोठी पडते, माडीचा कोणता खांब अंधारात ठेवला तर भुलाबाई उठून दिसते, हे विज्ञानाच्या पुस्तकात नाही. ते ड्रॉइंगच्या सरांना ठाऊक आहे. दिवाळीच्या आकाशकंदिलाला हीच जोडणी चालते. एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या: बटण-सेल लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं.

मेळघाटात तर साहित्य दाराशी उभं आहे. धारणीजवळ लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने कोरकू कारागिरांच्या हातून फर्निचरपासून राख्यांपर्यंत वस्तू घडवल्या, त्या देशभर गेल्या. तिथला कारागीर कमचीची जाडी बोटाने जोखतो. शाळेने त्याला चार दिवस बोलवावं आणि मुलांकडून बांबूचा घुमट करून घ्यावा. एक मीटर त्रिज्येच्या साध्या जिओडेसिक घुमटाला ६५ कमच्या लागतात, आणि मापं फक्त दोन: ३५ कमच्या ६१.८ सेंटिमीटरच्या, ३० कमच्या ५४.७ सेंटिमीटरच्या. ही मापं कॉम्प्युटर क्षणात देतो. घुमट उभा राहतो तो मात्र कमच्या किती नेमक्या कापल्या त्यावर. दोन-चार कमच्या सेंटिमीटरभर चुकल्या की शेवटची गाठ जुळतच नाही, आणि कुठे चुकलं ते शोधायला सगळ्यांना घुमटाखाली रांगावं लागतं. बांबू नसेल तर वर्तमानपत्राच्या घट्ट गुंडाळ्याही चालतात.

अडचण आहे ती माणसांची. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, कार्यशिक्षण आणि आरोग्य-शारीरिक शिक्षणाचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, पण पट शंभरावर असेल तरच. डोंगरातल्या, पाड्यावरच्या लहान शाळांना कायद्यानेच कलाशिक्षक नाही. मोठ्या शाळांत कलेची तासिका गणिताच्या जादा तासाला जाते, आणि पालकांना रेखाकलेची आठवण येते ती दहावीत, इंटरमिजिएटच्या ‘ए’ श्रेणीचे सात गुण मिळतात म्हणून. सात गुणांसाठी आलेलं मूल वहीतली आकृती पुन्हा पुन्हा गिरवतं. त्याला दोष कसा द्यावा?

तरीही एक फट आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीदरम्यान दहा दिवस दप्तराविना काढायचे सांगितले आहेत, सुतार, कुंभार, माळी, कलावंत अशा स्थानिक जाणत्यांबरोबर. एनसीईआरटीने २०२४ मध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. हे दिवस बँक आणि पोस्ट ऑफिसच्या सहलीत संपवू नयेत. मुख्याध्यापकांनी यंदा त्यातले निदान पाच दिवस पोळा ते कोजागरी या काळात ठेवावेत, गावातल्या कुंभाराला, बुरुडाला किंवा परतवाड्याच्या सागवानात हात बसलेल्या सुताराला मानधन देऊन बोलवावं, आणि टिंकरिंग लॅब असेल तर तिची एक किल्ली ड्रॉइंगच्या सरांकडे द्यावी. त्यासाठी कुठल्याही जीआरची वाट पाहावी लागत नाही.