आजचा माज सोडायचा का?

पेण आणि नागोठण्याच्या मधलं कासू. तिथल्या एका काकींच्या गोठ्यातली संकरित जर्सी भरवूनही गाभ न राहता लागोपाठ उलटत होती, आणि त्या पहाटे पुन्हा माजावर आली. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, हा शिरस्ता. गर्भाशयात सूज आहे का, याचं उत्तर म्हणूनच दिवस मावळायच्या आत हवं. प्रयोगशाळेत जंतू वाढवून अहवाल यायला दोन-तीन दिवस जातात. तोवर माज ओसरलेला असतो.

जनावरांच्या डॉक्टरांनी निरण धुऊन पुसून घेतलं आणि लोंबणारा सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, थेट काचेच्या नळीत धरला. मला तो स्वच्छ वाटला. "नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका," डॉक्टर म्हणाले. पू दिसत असेल तर चाचणी लागतेच कशाला? खरा घोळ घालते ती छुपी सूज.

सोटाइतकंच कॉस्टिक सोड्याचं पाच टक्क्यांचं द्रावण घालून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. तोंड भिंतीकडे, कारण उकळताना हे मिश्रण उसळतं. मग नळी गार पाण्यात बुडवली आणि मागे कोरा कागद धरला. निरोगी गायीच्या सोटाला रंग येत नाही. पांढऱ्या पेशी जितक्या जास्त, तितका पिवळा गडद. इथे रंग चांगलाच पिवळा उतरला. ही व्हाइटसाइड चाचणी मुळात १९३९ सालची, दुधातून दगडी ओळखण्यासाठी निघालेली. माणसाच्या लघवी तपासणीची पट्टीही याच पांढऱ्या पेशींचा माग काढायला वापरतात.

जंतू कोणता, हे मात्र रंग सांगत नाही. शिवाय माजात पांढऱ्या पेशी तशाही थोड्या वाढतात, त्यामुळे फिकट छटेवर औषधांची बाटली उघडणं मला तरी घाईचं वाटतं. डॉक्टरांनीही आधी प्रयोगशाळेसाठी नमुना घेतला.

"मागल्या वेताला वार अडकली होती का?"

"अडकली होती. ओढून काढली."

डॉक्टरांनी मान हलवली. ओढताना वारेचे तुकडे आत राहतात, गर्भाशय दुखावतं आणि जंतूंना वाट मिळते.

"म्हणजे आजचा माज सोडायचा?" काकींचा जीव पुढच्या माजापर्यंतच्या एकवीस दिवसांच्या पेंडीत अडकलेला. चाचणीला फारसा खर्च नाही. माज सोडायलाच छाती लागते.

"सोडा, काकी. आधी उपचार."

"मग शेजारच्या वळूला दाखवली तर?"

"तर तोही हे जंतू धरेल, आणि गावातल्या बाकीच्या गायींना वाटत फिरेल!"