ल्युबेक आणि लालबाग : कष्टकऱ्यांच्या गल्लीबोळांचा वारसा

१९८७ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत इतरांबरोबर ही दोन नावंही दाखल झाली. एक आपलं घारापुरी. दुसरं उत्तर जर्मनीतलं ल्युबेक. घारापुरीबद्दल मुंबईकराला वेगळं सांगायची गरज नाही. ल्युबेकबद्दल मात्र सांगायला हवं, आणि ते लालबागकरांनी नीट ऐकायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ट्राव्हे नदीच्या काठी ११४३ साली वसलेलं हे शहर बाल्टिक समुद्रावरच्या व्यापाराची राजधानी होतं. १२२६ साली त्याला साम्राज्याचं मुक्त शहर असा दर्जा मिळाला. वर फक्त सम्राट, मध्ये कुणी सरदार-सरंजामदार नाही. उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांनी हान्सा नावाचा संघ केला होता आणि त्या संघाच्या सभा ल्युबेकच्या नगरभवनात भरत. या सगळ्या वैभवाच्या मुळाशी दोन साध्या वस्तू होत्या, मीठ आणि मासळी. लुनेबुर्गच्या खाऱ्या झऱ्यांचं मीठ ल्युबेकला यायचं, तिथून जहाजांनी स्कॅनियाच्या किनाऱ्यावर जायचं आणि खारवलेल्या हेरिंग मासळीची पिंपं घेऊन जहाजं परतायची. उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असलेला ख्रिस्ती युरोप ही मासळी खायचा. मिठाच्या वाहतुकीसाठी १३९८ साली त्यांनी कालवाही खोदून पुरा केला. रशियातून मेण आणि फर, नॉर्वेतून सुकवलेला कॉड, फ्लँडर्समधून कापड अशी सगळी उलाढाल या एका गावातून होत होती.

पुढे व्यापाराच्या वाटा अटलांटिककडे वळल्या. १६६९ साली हान्साची शेवटची सभा भरली आणि संघ संपला. ल्युबेक मागे पडलं. १९४२ च्या मार्चमध्ये ब्रिटिश विमानांनी एका रात्रीत जुन्या शहराचा जवळपास पाचवा हिस्सा जाळला. सेंट मेरी चर्चच्या घंटा मनोऱ्यावरून खाली कोसळल्या. त्या फुटक्या घंटा ल्युबेककरांनी उचलल्या नाहीत. आजही त्या चर्चच्या फरशीत रुतलेल्या अवस्थेत तशाच ठेवल्या आहेत.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ल्युबेकने जपलं काय? सात मनोरे जपले, होल्स्टेनटोर हा वेशीचा दरवाजा जपला, नदीकाठची मिठाची कोठारं जपली. हे कुणीही जपलं असतं. पण त्यांनी मजुरांच्या गल्ल्याही जपल्या. सावकारांच्या उंच घरांच्या मागच्या परसात, एक माणूस वाकून जेमतेम आत शिरेल अशा बोळांत, हमाल, खलाशी आणि कारागिरांची एक-दोन खोल्यांची घरं होती. व्यापाऱ्यांनी दानधर्मातून बांधलेले काही चौकही होते. योहान फ्युश्टिंग नावाच्या व्यापाऱ्याच्या दानातून १६३९ साली उभा राहिलेला चौक हा व्यापाऱ्यांच्या आणि जहाजाच्या तांडेलांच्या विधवांसाठी होता. असे चौक ज्या रस्त्यांवर आहेत, ते युनेस्कोने वारसा म्हणून मान्य केलेल्या भागात येतात. मजुरांच्या बोळांतली घरंही डागडुजी करून राखली आहेत. लोक आजही तिथे राहतात, दाराबाहेर गुलाब लावतात.

आता लालबागला येऊ या.

लालबाग-परळ हा भाग दीडशे-पावणेदोनशे वर्षांचाच, असा आपला समज असतो. पण इथून चालत जाण्याच्या अंतरावर, परळच्या बारादेवीच्या देवळात एक शिल्प आहे. १९३१ साली शिवडी भागात रस्त्याचं काम चालू असताना ते मातीतून वर आलं. एकाच दगडातून कोरलेलं, सुमारे साडेतीन मीटर उंच, एका शिवातून दुसरा शिव प्रकट होत वर आणि दोन्ही बाजूंना फुलत जाणारा. काळ पाचवं-सहावं शतक. म्हणजे घारापुरीच्या शिल्पांच्या घराण्यातलंच. घारापुरीला बोटी भरभरून माणसं जातात आणि परळचा हा शिव पाहायला फारसं कुणी फिरकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. जवळच हाफकिन संस्थेची वास्तू आहे. पोर्तुगीज काळात तिथे ख्रिस्ती मठ होता, मग मुंबईच्या गव्हर्नरचं निवासस्थान झालं आणि १८९९ साली प्लेगवरच्या लशीची प्रयोगशाळा तिथे आली.

गव्हर्नरांनी परळ सोडलं ते १८८० च्या दशकात. तोवर आजूबाजूला चिमण्या उभ्या राहू लागल्या होत्या. कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला सुरू केलेली पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, पण साठलेल्या पैशातला काही गिरण्यांत गेला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. मुंबईचं सूत चीनला जाऊ लागलं. ल्युबेकचं जे नातं मिठाशी, ते या भागाचं सुताशी. एकोणिसावं शतक संपता संपता मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या झाल्या होत्या आणि ताडदेव, भायखळ्यापासून लालबाग, परळ, शिवडी, वरळीपर्यंतच्या पट्ट्याला गिरणगाव हे नाव पडलं होतं.

माणसं आली ती रत्नागिरीतून, साताऱ्यातून, कोल्हापूर-पुण्याकडून. गाववाल्याच्या ओळखीने माणसं भरणाऱ्या जॉबरपर्यंत पोचायचं, बदलीचा पास मिळवायचा, रोज सकाळी दारात उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असेल तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, चढायचं. राहायला गावकीची खोली. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस जण, तेही पाळीपाळीने. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी पाठ टेकणार. ट्रंका भिंतीला, वळकट्या माळ्यावर, दर महिन्याची वर्गणी वहीत. त्या वर्गणीतून गावच्या देवळाचं छप्पर व्हायचं, शाळेची खोली व्हायची, कुणी वारलं तर त्याच्या घरच्यांचा गाडीखर्च निघायचा. कोकणातल्या कित्येक वाड्यांच्या उत्कर्ष मंडळांचा जन्म अशाच खोल्यांत झाला आहे.

आणि खानावळवाली. तिच्याबद्दल आपण फार कमी लिहिलं आहे. एका स्टोव्हवर, एका खोलीत, ती दोन्ही पाळ्यांच्या माणसांचं जेवण करायची. पैसे पगाराला. संप झाला की सगळी उधारी तिच्या डोक्यावर. दुकानदार तिला माल देणार सावकारी व्याजाच्या हिशेबाने, ती मात्र माणसाला उपाशी ठेवणार नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अशा चौदा बायकांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. गिरणगावच्या इतिहासात साच्याइतकंच मानाचं स्थान तिच्या तव्याला मिळायला हवं.

कामगारांच्या हक्कांची सुरुवातही इथलीच. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पाठपुराव्यामुळे १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस साचे थांबवले. १९२८ चा सार्वत्रिक संप सहा महिने चालला, त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली.

याच गल्ल्यांतून आवाज निघाले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ सालचं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी मैदानं पेटवली. नारायण सुर्वे यांना गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून घरी आणलं, वाढवलं, आणि त्या पोराने मराठी कवितेत कारखान्याचा घाम आणला. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं. पाळी संपवून आलेली माणसं तिथे नाटकात उभी राहायची. दशावतार, नमन, जाखडी यांचे प्रयोग कोकणाबाहेर सर्वाधिक रंगले ते इथेच. १९८२ च्या गिरणी संपानंतरच्या उद्ध्वस्त घराचं जयंत पवारांनी ‘अधांतर’ नाटकात उभं केलेलं चित्र पाहताना या भागातल्या प्रेक्षकांना ते आपलंच वाटायचं.

आणि बाजार. लालबागच्या राजाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या लाखो भाविकांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की या गणपतीचं मूळ एका बाजाराच्या नवसात आहे? १९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद झाला. मासळी विकणाऱ्या कोळणी आणि भाजीवाले उघड्यावर आले. कायमची जागा मिळू दे, असा नवस बोलला गेला. जागा मिळाली आणि १९३४ साली गणपती बसला. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेश गल्लीचा १९२८ चा. ल्युबेकला तांडेलांनी १५३५ साली आपल्या संघाचं घर उभारलं आणि समोरच्या सेंट जेकब चर्चला आपलं मानलं. पोट आणि देव एकाच ठिकाणी बांधून ठेवायची व्यापारी माणसाची रीत सगळीकडे सारखीच दिसते.

लालबागचा बाजार आजही जिवंत आहे. मार्च ते मे या दिवसांत लालबागच्या मसाल्याच्या दुकानांसमोर जरा थांबून पाहा. बाई यादी घेऊन येते. रंगासाठी बेडगी, तिखटासाठी संकेश्वरी किंवा गुंटूर, अधूनमधून रेशमपट्टी. धणे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, चक्रीफूल, जायपत्री. यादीवरूनच दुकानदाराला गाव कळतं. मालवणी मसाल्याची यादी वेगळी, आगरी-कोळी मसाल्याची वेगळी, घाटावरच्या कांदा-लसणाची तर साफच वेगळी. भाजणाऱ्या माणसाचा मोठ्या कढईतला झारा थांबत नाही. मिरचीचा खाट उठला की अख्खी रांग खोकते, पण हलत कुणी नाही. मग कांडपाच्या यंत्रात लोखंडी मुसळं वरखाली होतात आणि बाई शेवटची पूड चाळून होईपर्यंत यंत्रावरून नजर काढत नाही, कारण दुसऱ्याचा मसाला आपल्यात मिसळता कामा नये. घरी गेल्यावर बरणीत वर हिंगाचे खडे. गिरणीच्या पगारावर चालणारा हा व्यवहार गिरण्या गेल्यावरही टिकला, कारण कामगारांची मुलं-नातवंडं विरारला, बदलापूरला, पनवेलला गेली तरी मसाल्याला लालबागलाच येतात.

गिरण्या गेल्या त्या अशा. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याची घोषणा आजवर झालेली नाही. गिरण्या एकेक करून मिटल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले, शहराला मोकळी जागा, म्हाडाला घरं आणि मालकाला उरलेलं. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीला लागू केला, आणि सुमारे सहाशे एकरांतून शहराच्या वाट्याला फारच थोडं आलं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. घरासाठी अर्ज केलेले कामगार आणि वारस सुमारे दीड लाख. म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली ती २०१२ साली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. माझं मत स्पष्ट आहे. मुंबईच्या नागरी इतिहासातली ही सगळ्यात मोठी संधी होती आणि ती आपण घालवली.

चाळी पडाव्यात की नाही, या वादात मी पडणार नाही. सार्वजनिक संडासासमोर पहाटे रांग लावणाऱ्या बाईला वारशाची महती सांगायचा अधिकार कुणालाच नाही. तिला मोठं, हवेशीर, स्वतःचा संडास असलेलं घर मिळालंच पाहिजे. पण ल्युबेकने हेच तर केलं. घरात नळ आले, मोऱ्या आल्या, आणि बोळ तसाच राहिला. आपल्याकडे टॉवर उभा राहतो तेव्हा एखादी चिमणी, एखादी चाळ, एखादी गावकीची खोली नमुना म्हणून तरी राखावी, हे कुणाच्या मनात येत नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणीच्या जागेवर वस्त्रोद्योगाचं संग्रहालय महापालिकेने हाती घेतलं आहे. ते नुसत्या यंत्रांचं न होता माणसांचं व्हावं, त्यात साच्याशेजारी खानावळवालीचा स्टोव्ह आणि जॉबरची वहीही असावी, यासाठी लालबाग-परळकरांनी आतापासून आग्रह धरायला हवा.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून त्यांच्या आठवणींचं मोठं पुस्तक केलं, म्हणून कितीतरी गोष्टी वाचल्या. हे काम आता मंडळांनी पुढे न्यायला हवं. लालबागमधल्या मंडळांकडे पैसा आहे, जागा आहे, कार्यकर्ते आहेत. प्रत्येकाने एक खोली या कामाला द्यावी. जुने अहवाल, वर्गणीच्या पावत्या, मूर्तीचे फोटो, संपाची पत्रकं, गावकीच्या वह्या तिथे ठेवाव्यात. सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसं अजून आहेत, त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यावं.

आणि वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत आजोबांचा गिरणीचा पास, हजेरीचं कार्ड, युनियनची पावती किंवा खात्यातल्या माणसांचा एखादा ग्रुप फोटो हाती लागला, तर तो रद्दीत घालू नका. फोटोतल्या माणसांची नावं, गाव, खातं आणि पाळी घरातल्या मोठ्या माणसाला विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा.