पर्यायी इतिहासातील काल्पनिक वसाहतींची स्थलनामे : संकेत आणि निकष

प्रस्तावना :
एखादी ऐतिहासिक घटना वेगळी घडली असती तर पुढील जग कसे असते, याचे चित्र रेखाटणाऱ्या साहित्यास पर्यायी इतिहास म्हणतात. मराठी वाचकांस हा प्रकार जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेमुळे परिचित आहे. अशा साहित्यातील सागरपार वसाहतींची नावे लेखकाच्या इतिहासदृष्टीची साक्ष देतात. प्रस्तुत लेखात त्यांमागील संकेतांचा परामर्श घेतला आहे.

वास्तव वसाहतींतील संकेत :
१) मायभूमीचे स्मरण : न्यू ॲमस्टरडॅम.
२) सत्ताधीशाचा गौरव : डचांनी १५९८ मध्ये नासाऊच्या मॉरिसवरून दिलेले मॉरिशस.
३) प्राचीन नावाचे पुनरुज्जीवन : बटावी टोळीवरून जावातील बटाव्हिया (१६१९).
४) स्थानिक शब्दाचा स्वीकार : क्वेबेक.
सत्तांतराबरोबर नावेही बदलतात. न्यू ॲमस्टरडॅमचे १६६४ मध्ये न्यूयॉर्क झाले. तथापि लेनापे भाषेतून आलेले 'मॅनहॅटन' डच व इंग्रज या दोन्ही राजवटींत टिकून राहिले.

काल्पनिक उपयोजन :
स्कॉटलंडने १६९८ मध्ये डेरियन येथे 'कॅलेडोनिया' ही वसाहत व 'न्यू एडिंबरो' हे ठाणे वसविले. १७०० मध्ये ते सोडावे लागले. ही वसाहत टिकली असे मानणाऱ्या लेखकास नावे आयतीच मिळतात. मात्र तेथील गुना लोकांची स्थलनामे वगळल्यास ती भूमी निर्जन होती असा भ्रम दृढ होतो. किम स्टॅनली रॉबिन्सन यांच्या 'द इयर्स ऑफ राइस अँड सॉल्ट' (२००२) या कादंबरीत अमेरिकेस चिनी पुराणकथेतील 'यिंगझोऊ' व युरोपास 'फिरंजा' म्हटले आहे. 'फिरंजा' व मराठीतील 'फिरंगी' यांचे मूळ एकच, फ्रँक लोकांचे नाव. तेथे नाव देणाऱ्याची भाषा बदलताच जगाचे केंद्रही बदलते.

मराठी संदर्भ :
मराठ्यांच्या सागरपार वसाहतीची कल्पना केल्यास 'नवे सातारा' हे नाव युरोपीय साच्याचे अनुकरण ठरेल. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही नावे वर्णनपर वा गुणवाचक पदास 'दुर्ग' जोडून सिद्ध झाली आहेत. व्यक्तिगौरव पुण्यातील सदाशिव, नारायण अशा पेठांच्या नावांत आढळतो. म्हणजेच किल्ल्यास एक आणि बाजारपेठेस दुसरा संकेत लागू करणे अधिक सयुक्तिक होय.

समारोप :
काल्पनिक स्थलनाम तीन कसोट्यांवर पारखावे : ते नाव देणाऱ्यांच्या परंपरेशी सुसंगत आहे काय, त्यात सत्तांतराचे थर दिसतात काय आणि मूळ रहिवाशांचा शब्द नकाशावर उरला आहे काय. यांपैकी तिसरी कसोटी सर्वाधिक दुर्लक्षित आहे. इतिहासाने केलेला अन्याय कल्पनेनेही निमूटपणे गिरवावा काय, हा प्रश्न तीतून उपस्थित होतो.