दातांना तार लावताना

आमची थोरली मुलगी हसताना ओढणीचे टोक तोंडावर धरू लागली, तेव्हा वयात येते आहे, लाजते आहे, असेच आम्ही समजलो. खरे कारण शाळेच्या फोटोत कळले. सगळ्या मैत्रिणी हसत होत्या, हिचे ओठ मात्र घट्ट मिटलेले. वरचे सुळे पुढे आलेले, खालचे दात एकमेकांवर चढलेले. डॉक्टरांनी तार लावायला सांगितली. घरी दादींनी विचारले, "अल्लाहने दिलेल्या दातांत फेरफार करायचा? हे जायज आहे का?"

प्रश्न रास्त होता. आम्ही मौलानासाहेबांना विचारले. त्यांनी सांगितले की, हदीसमध्ये केवळ शोभेसाठी दातांत फटी पाडून घेण्याची निंदा आली आहे. दोष दूर करणे हा मात्र इलाज आहे. अरफजा बिन असअद (रजि.) यांचे नाक एका लढाईत गेले होते. चांदीचे नाक लावले तर त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक लावण्यास सांगितले. पुरुषांना सोने मना असूनही गरजेपोटी ही सवलत मिळाली. वेड्यावाकड्या दातांत अन्न अडकते, ते नीट घासता येत नाहीत, कीड लागते, हिरड्या सुजतात. दादींचे समाधान झाले.

दातांचा इलाज आपल्या पूर्वजांनाही नवा नव्हता. कुर्तुबाचे हकीम अबुल कासिम जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी 'अत्-तसरीफ' या ग्रंथात हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची रीत लिहून ठेवली आहे.

पण हाडात रुतलेला दात सरकतो कसा? दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पातळ थर असतो. प्रत्येक दातावर छोटी चकती चिकटवतात आणि त्यातून तार ओवतात. निकेल-टायटॅनियमची तार वाकवली तरी आपल्या मूळ आकारात परतू पाहते आणि दातावर हलका, सततचा दाब देते. ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड शरीरातील पेशी विरघळवतात. ज्या बाजूला ताण पडतो तिथे दुसऱ्या पेशी नवे हाड भरतात. दात साधारण महिन्याला 1 मिलिमीटर सरकतो. म्हणूनच इलाजाला बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात. "जरा घट्ट करा, लवकर होईल," असा आग्रह आम्हीही धरला होता. जादा दाबाने मुळांना इजा होते आणि दातही अडून बसतो, हे तेव्हा कळले.

मूल सात वर्षांचे झाले की एकदा दात तपासून घ्यावेत. अंगठा चोखणे, तोंडाने श्वास घेणे या सवयी वेळीच सोडवाव्यात. मोठ्यांनाही तार लावता येते. हिरड्या निरोगी हव्यात. खर्चाची चिंता असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करावी.

तार असताना चिक्की, भाजलेले चणे, बर्फ, चिकट मिठाई टाळावी. सफरचंद फोडी करून खावे, नळी चोखण्याचा मोह आवरावा. प्रत्येक जेवणानंतर ब्रश करावा. रमजानमध्ये सहरीनंतर दात घासायचे विसरू नये आणि तार घट्ट करण्याची तारीख शक्यतो इफ्तारनंतरची मागावी. पहिले दोन-तीन दिवस दात ठणकतात. चिकटवलेली तार काढता येत नसल्याने ती असताना गुस्ल होतो, असे मौलानासाहेबांनी सांगितले. काढता येणारी प्लेट मात्र काढून चूळ भरावी. हनफी मतानुसार गुस्लमध्ये चूळ भरणे फर्ज आहे. कोकणातील शाफई घरांत ती सुन्नत मानतात.

आमची खरी चूक तार निघाल्यावर झाली. दात सरळ झाले, आता काळजी मिटली, असे वाटले. रात्री लावायची प्लेट डबीतच राहू लागली. तीन महिन्यांत पुढचा एक दात पुन्हा वळला. नवे हाड पक्के व्हायला आणि ताणलेले तंतू शांत व्हायला वेळ लागतो. तोवर दात जुन्या जागेकडे ओढ घेतात. पुन्हा काही महिने तार लावावी लागली.

आता इशाची नमाज झाली की दादीच हाक मारतात, "बेटा, प्लेट लावलीस का?"